थंडीसाठी नव्हे, घामासाठी कपडे घाला

थंडीचा कडाका सुरू झाला की आमच्या दवाखान्यात येणाऱ्या मंडळींचे दोन तट पडतात. पहिल्या तटातले लोक दिवाळीपर्यंत नेमाने फिरायला जातात, सायकल चालवतात आणि डिसेंबर उजाडला की ‘आता संक्रांतीनंतर बघू’ म्हणून पांघरुणात शिरतात. संक्रांतीनंतरही थंडी असतेच. मग शिवरात्र येते आणि ती गेली की ऊन लागू लागते. दुसऱ्या तटातले लोक जिद्दी. ते व्यायाम सोडत नाहीत. पण घरातून निघताना अंगात दोन स्वेटर, वर जाकीट, डोक्याला माकडटोपी आणि गळ्याला मफलर असा सगळा बंदोबस्त करतात, तासाभराने घामाने निथळत परततात आणि दोन दिवसांनी ‘डॉक्टर, पाठ धरली’ म्हणून माझ्यासमोर येऊन बसतात.

पहिल्या तटातल्यांची साखर आणि रक्तदाब फेब्रुवारीपर्यंत वर चढलेला असतो. दुसऱ्या तटातले कधी ना कधी कंटाळून पहिल्या तटाला जाऊन मिळतात. म्हणजे नुकसान दोघांचेही सारखेच. आणि दोघांच्या चुकीचे मूळही एकच आहे. व्यायामाला जाताना कपडे कसे घालावेत याचा विचार ते दारात उभे राहून करतात. दारात थंडी वाजते, म्हणून एक जण परत फिरतो आणि दुसरा आणखी एक स्वेटर चढवतो. माझे सांगणे असे आहे की, कपडे दारातल्या थंडीसाठी निवडू नयेत; दहा मिनिटांनंतर येणाऱ्या घामासाठी निवडावेत.

आपल्या नाशिक जिल्ह्यातली थंडी काही लुटुपुटूची नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तापमानाचा आकडा हिवाळ्यात वर्तमानपत्रात रोज येतो आणि तो कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, ते हौसेखातर नव्हे. अशा हवेत पहाटे सायकल काढणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका खंड ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली. तेव्हापासून तर चाळिशी-पन्नाशीतली माणसेही सायकलीला हवा भरू लागली. या उत्साहाला थोड्या शास्त्राची जोड मिळावी, एवढ्यासाठीच आजचा हा लेख.

शरीराची भट्टी

नुसता बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतो. पूर्वी आपल्या घरात १०० वॉटचा पिवळा दिवा असे, तेवढी. तोच माणूस भरभर चालू लागला की शरीराचे काम सुमारे चौपट होते आणि ताशी १८-२० किलोमीटर वेगाने सायकल चालवू लागला की सहा ते आठ पट. यातही गंमत अशी की, स्नायू जेवढी शक्ती खर्च करतात, तिचा जेमतेम पाव भाग पॅडल फिरवायला लागतो. उरलेला पाऊण भाग उष्णतेच्याच रूपात बाहेर पडतो. म्हणजे व्यायाम सुरू झाल्यावर प्रत्येक माणूस ही एक चालतीबोलती भट्टी होय. दारात उभे असताना जे कपडे अगदी हवेसे वाटतात, ते दहा मिनिटांनी भट्टीवर टाकलेल्या घोंगडीसारखे होतात.

भट्टी फार तापली की शरीर घाम सोडते. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. उन्हाळ्यात हीच सोय आपल्याला तारून नेते. हिवाळ्यात मात्र घोटाळा पुढेच होतो. आपण सायकल थांबवतो, चहाच्या टपरीवर मित्रांशी गप्पा मारत उभे राहतो. भट्टी विझू लागलेली असते, पण अंगातले बनियन ओलेच असते. ते वाळता वाळता शरीरातली उष्णता ओढत राहते.

कपड्यांची ऊब कापडात नसते, कापडाच्या धाग्यांत अडकून राहिलेल्या हवेत असते, हे पुष्कळांना माहीत नसते. हवा उष्णता वाहून नेण्याच्या कामी फार आळशी आहे. पाणी हे काम हवेच्या सुमारे पंचवीसपट करते. घामाने बनियन आणि स्वेटर भिजले की धाग्यांतल्या हवेची जागा पाणी घेते. मग स्वेटर कितीही जाड असो, त्याचा उपयोग निम्म्यावर येतो. थोडक्यात, तिसरा स्वेटर ऊब आणत नाही, घाम आणतो आणि तो घाम पहिल्या दोन स्वेटरांची ऊबही घालवतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सर्दी होते ती विषाणूंमुळे, नुसत्या गार हवेने नव्हे. त्यामुळे ‘फिरायला गेलो म्हणून सर्दी झाली’ हे म्हणणे मी सहसा मान्य करीत नाही. पण ओल्या कपड्यांत कुडकुडत उभे राहिल्याने पाठीचे, मानेचे स्नायू आखडतात, दमेकऱ्याला त्रास होतो आणि हृदयविकार असलेल्या माणसाच्या हृदयावर ताण येतो, हे नक्की.

सायकलस्वाराचा स्वतःचा वारा

पायी चालणारा आणि सायकल चालवणारा यांच्या कपड्यांत एक मोठा फरक हवा. चालणाऱ्याला असेल तेवढाच वारा लागतो. सायकलस्वार स्वतःचा वारा स्वतः तयार करतो. झाडाचे पान हलत नसले, तरी ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या छातीवर तेवढ्याच वेगाचा वारा आदळत असतो.

वाऱ्याने थंडी किती वाढते, याचा हिशेब पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी १९४० च्या दशकात अंटार्क्टिकावर मांडला. पाण्याने भरलेली एक नळी त्यांनी खांबावर टांगली आणि वेगवेगळ्या वाऱ्यात पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजत बसले. पुढे २००१ साली अमेरिका आणि कॅनडा या देशांनी हा हिशेब सुधारून नवे सूत्र स्वीकारले. त्या सूत्राने पाहिले, तर १० अंश तापमानात ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला सुमारे ७ अंशांची थंडी जाणवते. तापमान ५ अंश असेल, तर जवळजवळ १ अंशाची. निफाडच्या एखाद्या कडक सकाळी सायकलवर बसलेल्या माणसाचे कान आणि बोटे म्हणजे बर्फाच्या दारातच असतात म्हणायचे.

पण हा वारा समोरून लागतो, पाठीमागून नाही. म्हणून सायकलवाल्याची छाती गारठते आणि त्याच वेळी पाठ घामाने भिजते. जाड स्वेटर या दोन्हींवर सारखाच बसतो आणि विणीतून वारा आत सोडतो. त्याला हवे असते ते समोरून वारा अडवणारे आणि मागून वाफ बाहेर जाऊ देणारे काहीतरी. यावर सर्वांत स्वस्त उपाय आपल्या हातातच आहे, तो म्हणजे हे वर्तमानपत्र. थट्टा नव्हे. टूर द फ्रान्स या जगप्रसिद्ध शर्यतीत सायकलपटू २००० मीटरहून उंच घाट चढून गेले की माथ्यावर उभ्या असलेल्या प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेत आणि ते छातीवर, शर्टाच्या आत सरकवून उताराला लागत. चढताना घाम आलेला असतो आणि उतारावर गार वारा झोंबतो, त्यावर हा तोड. आपणही दोन पाने घडी करून शर्ट आणि स्वेटर यांच्यामध्ये छातीवर ठेवून पाहावीत. ऊब आली की काढून खिशात घालावीत. माझ्या तरुणपणी सायकलवरून खेड्यापाड्यांत रुग्ण पाहायला जाताना मी हाच उपाय केलेला आहे. मात्र वाचून झालेला अंक घ्यावा!

एक जाड की तीन पातळ?

आता मुख्य प्रश्न. घालायचे काय? माझे उत्तर असे की एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. दोन कपड्यांच्या मध्ये हवेचा थर राहतो, तो आपले काम करतो. आणि अंग तापले की एक कपडा काढता येतो. जाड जाकीट एकतर घालता येते किंवा काढता येते, मधली सोय नाही.

सर्वांत आतला कपडा अंगाला लागून असावा आणि त्याने घाम बाहेर न्यावा. आपण सगळे सुती बनियन घालतो. सुती कापड घाम उत्तम शोषते, पण शोषलेला घाम धरून बसते, लवकर वाळत नाही. वीस-पंचवीस मिनिटे चालण्यापुरते सुती बनियन ठीक आहे. तासभर सायकल चालवणार असाल, तर खेळाडू वापरतात तो पातळ, जाळीदार पॉलिस्टरचा टी-शर्ट आत घालावा. पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे घाम बाहेरच्या बाजूला सरकतो आणि वाळतो. असे टी-शर्ट आता आठवडे बाजारातही मिळतात. त्यासाठी शहरातल्या मोठ्या दुकानात जाऊन हजारो रुपये खर्च करण्याची आवश्यकता नाही.

मधला कपडा उबेसाठी. येथे लोकरीला तोड नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही आणि भिजली तरी सगळी ऊब सोडत नाही. रानात मेंढ्यांमागे फिरणारा धनगर पावसात आणि थंडीत घोंगडी सोडीत नाही, त्यामागे हेच शास्त्र आहे. पातळ विणीचा, पुढे बटणे किंवा चेन असलेला लोकरी स्वेटर व्यायामाला सर्वांत चांगला. गळ्यातून घालायचा स्वेटर रस्त्यात सैल करता येत नाही, बटणांचा करता येतो. ज्यांना लोकर टोचते त्यांनी तो शर्टावरून घालावा.

बाहेरचा कपडा फक्त वाऱ्यासाठी. पातळ विंडचीटर असेल तर उत्तम, नसेल तर घट्ट विणीच्या कापडाचा जुना फुल शर्ट चालतो. द्राक्षबागेत पहाटे कामाला जाणाऱ्या आपल्याकडच्या बायका साडीवर पुरुषी फुल शर्ट चढवतात आणि डोके-कान रुमालाने बांधतात. ऊन वर आले की शर्ट काढून बांधावर ठेवतात. शहरातल्या माणसाने हजारो रुपयांचे जाकीट घेऊन जे साधत नाही, ते त्यांना एका जुन्या शर्टाने साधते.

हवामानाचा अंदाज घेऊन कपड्यांची संख्या ठरवावी. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे. १५ अंशांच्या वर एकच कपडा पुरे. १० ते १५ अंशांत दोन. त्याखाली तीन. चालणाऱ्याने यातला वाऱ्याचा कपडा कमी केला तरी चालेल. आणि सगळ्यांत सोपी खूण म्हणजे घरातून बाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटे थोडी थंडी वाजलीच पाहिजे. ती वाजली नाही, तर समजावे की आपण एक कपडा जास्त घातला आहे. ज्यांना ही पाच मिनिटे सोसवत नाहीत, त्यांनी घरातच हात-पाय हलवून, जिन्याच्या दोन पायऱ्या चढउतार करून अंग थोडे गरम करावे आणि मग बाहेर पडावे.

कान, हात, गुडघे, पाय

‘शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते’ असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. ते खरे नाही. भाजलेल्या रुग्णाची तपासणी करताना आम्ही डॉक्टर डोके आणि मान मिळून शरीराचा ९ टक्के पृष्ठभाग धरतो. उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. म्हणून डोके झाकावे, पण त्यासाठी माकडटोपीची सक्ती नाही. सायकलवर तर माकडटोपी नकोच. तिने कान बुजतात, मान वळवली की टोपी मागे राहते आणि डोळ्यांपुढे लोकर येते. मागून येणारा ट्रक न ऐकू येणे हे थंडी वाजण्यापेक्षा कितीतरी वाईट. कानांवरून एक पातळ सुती रुमाल बांधावा आणि त्यावर हेल्मेट घालावे.

दमेकऱ्यांनी नाकातोंडावरून पातळ मफलर किंवा रुमाल घ्यावा. गार, कोरडी हवा एकदम आत गेली की श्वासनलिका आकसतात. कापडाच्या आत श्वासाची वाफ राहते आणि आत जाणारी हवा थोडी गरम व दमट होते. मफलरची टोके आणि ओढणी मात्र आत खोचून घ्यावी. चाकात ओढणी अडकून झालेले अपघात ज्यांनी दवाखान्यात पाहिले आहेत, त्यांना हे वाक्य अधिक लांबवावेसे वाटणार नाही.

सायकलस्वाराचे हात हा दुर्लक्षित भाग आहे. गारठलेली बोटे ब्रेक वेळेवर दाबत नाहीत. हातमोजे हवेत, पण बोटे मोकळी वळतील एवढेच जाड. हातमोजे नसतील तर जुने पायमोजे हातावर चढवले तरी काम भागते. तरुण मुले अर्ध्या चड्डीवर सायकल काढतात, त्यांना माझे सांगणे की गुडघे झाका. गुडघ्यावर चरबीही नाही आणि मोठे स्नायूही नाहीत; वारा थेट सांध्यावर बसतो. साधी ट्रॅकपँट पुरे, फक्त उजव्या पायाचे टोक साखळीत जाणार नाही असे क्लिपने किंवा रबराने बांधून घ्यावे.

पायांत चप्पल नको, बूट हवेत. एकावर एक दोन पायमोजे घालून पाय घट्ट बुटात कोंबणे ही चूक आहे. बोटांना हलायला जागा नसेल, तर रक्तप्रवाह कमी होतो आणि पाय आणखी गार पडतात. मधुमेह्यांनी येथे विशेष काळजी घ्यावी. त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. बूट चावल्याचे कळत नाही आणि आल्यावर पाय शेकोटीजवळ धरले तर भाजल्याचेही कळत नाही. त्यांनी घरी आल्यावर पायमोजे काढून दोन्ही तळपाय नीट पाहावेत आणि शेकोटी, गरम पाण्याची पिशवी यांपासून पाय दूर ठेवावेत. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांमुळेही हातपाय गार पडतात. तसे होत असेल तर डॉक्टरांना सांगावे, गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आणखी एक गोष्ट कपड्यांच्या रंगाची. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजल्यानंतर उगवतो. त्याआधी रस्त्यावर धुके, आणि त्याच वेळी लासलगावच्या बाजाराकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर. काही ट्रॉल्यांना मागचा दिवा असतो, काहींना नसतो. अशा वेळी काळे जाकीट घालून रस्त्यावर सायकल चालवणे म्हणजे स्वतःला लपवणे होय. सर्वांत बाहेरचा कपडा पांढरा किंवा पिवळा असावा, पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घ्यावी. सायकलीला मागे लाल दिवा लावावा.

कोरडे बनियन जवळ ठेवा

या सगळ्या लेखातून वाचकांनी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी मला समाधान वाटेल. सायकलच्या कॅरिअरला किंवा फिरायला जाताना पिशवीत एक कोरडे बनियन ठेवा. व्यायाम संपला की गप्पा मारण्याआधी, चहा घेण्याआधी आडोशाला जाऊन ओले बनियन बदला. महिलांनी घरी पोहोचल्याबरोबर आधी कपडे बदलावेत, मग स्वयंपाकघरात जावे. ‘आधी डबे करते, मग बदलते’ यात एक तास निघून जातो आणि पाठ आखडते. आल्यावर पाणीही प्यावे. थंडीत तहान लागत नाही, पण घाम जायचा तेवढा गेलेलाच असतो.

काही मंडळी वजन उतरवण्यासाठी मुद्दाम प्लॅस्टिकचे जाकीट किंवा रेनकोट घालून धावतात. घाम भरपूर येतो आणि काट्यावर अर्धा-एक किलो कमी दिसते. ते पाण्याचे वजन आहे. चार-पाच पेले पाणी प्यायले की ते परत येते. चरबी घामातून वितळत नाही. अशा कपड्यात शरीर आतून फार तापते आणि बाहेर आल्यावर एकदम गार पडते. या दोन्हींचा फायदा काही नाही, धोका मात्र आहे.

जे कपड्यांनी भागत नाही

आता एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय ६४. नित्य पहाटे साडेपाचला सायकलवर नदीपलीकडच्या मळ्यापर्यंत जाऊन यायचे. अंगात तीन स्वेटर. म्हणाले, “डॉक्टर, पुलाच्या चढाला वारा लागतो आणि थंडीने छाती आवळते. गेल्या महिन्यात एक स्वेटर वाढवला, या महिन्यात आणखी एक. तरी थंडी आत शिरतेच. छातीला लावायला काही औषध द्या.”

मी विचारले, “गुरुजी, घरात बसल्या बसल्या थंडी वाजते तेव्हा छाती आवळते का?” म्हणाले, नाही. “चढाला सायकलवरून उतरून उभे राहिल्यावर?” म्हणाले, दोन-तीन मिनिटांत थांबते. “आणि दुपारी उन्हात माडी चढताना?” यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, “थोडी आवळते. पण ती थंडीच असणार, अंगात मुरलेली.”

ती थंडी नव्हती. श्रमाने येणारी आणि विसाव्याने थांबणारी छातीतली आवळ ही हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण असते. गार हवेत त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. त्यात पहाटेची वेळ, त्यात चढ आणि समोरून वारा. म्हणून हे दुखणे आधी थंडीत आणि पहाटे डोके वर काढते. बसल्या जागी काढलेला त्यांचा कार्डिओग्राम चांगला होता, पण अशा रुग्णांत तो चांगला येऊ शकतो, म्हणून त्यावर न थांबता मी त्यांना नाशिकला पाठवले. रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. वेळेवर उपचार झाले. हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने फेब्रुवारीअखेरीस गुरुजी पुन्हा सायकलवर बसले. आता ते आठ वाजता, ऊन पडल्यावर निघतात. अंगात एकच पातळ स्वेटर असतो.

गुरुजींनी तीन महिने कपडे वाढवले आणि दुखणे झाकले. म्हणून सांगतो की छाती, डावा हात, जबडा किंवा पाठ व्यायामाने आवळत असेल आणि थांबल्यावर बरे वाटत असेल, तर स्वेटर वाढवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आवळ थांबतच नसेल, घाम फुटत असेल, तर दिवस उजाडण्याचीही वाट पाहू नका. ज्यांना हृदयविकार किंवा न आवरणारा रक्तदाब आहे, त्यांनी हिवाळ्यात पहाटेचा हट्ट सोडून आठनंतर व्यायाम करावा. व्यायाम सोडू नये, वेळ बदलावी.

ज्यांना निवड नाही

आतापर्यंत लिहिले ते व्यायाम म्हणून सायकल चालवणाऱ्यांसाठी. पण आपल्या जिल्ह्यात पहाटेच्या थंडीत सायकल चालवणारे बहुतेक लोक व्यायामासाठी निघालेले नसतात. मळ्यातल्या वस्तीवरून चार-पाच किलोमीटर सायकल हाकत शाळेला येणारी मुले-मुली आहेत. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलींना सायकली मिळाल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. पण सायकल मिळाली म्हणजे स्वेटर मिळाला असे नाही.

एका शाळेत आरोग्य तपासणीसाठी गेलो होतो. सकाळचे सात वाजले होते. फाटकापाशी दोन मुली सायकलवरून उतरल्या, अंगातले लाल आणि हिरवे स्वेटर काढून दप्तरात कोंबले आणि नुसत्या गणवेशात कुडकुडत आत गेल्या. विचारल्यावर कळले की शाळेत फक्त गणवेशाच्या निळ्या रंगाचाच स्वेटर चालतो. घरात आधीचा चांगला स्वेटर असताना दुसरा घेणे त्यांच्या आईवडिलांना जमलेले नव्हते. पाच किलोमीटर सायकल मारून घामेजलेल्या मुलींनी नेमका ऊब हवी त्या वेळी स्वेटर काढायचा, ही कसली शिस्त? २०२४ साली शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत अशी सूचना दिली. मोठ्या मुलांची थंडी मात्र कोणी मोजली नाही. मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत कोणत्याही रंगाचा स्वेटर चालेल, अशी एक ओळ सूचना फलकावर लिहावी. त्याला खर्च काही नाही.

आणि दुसरी विनंती वाचकांना. हा अंक आपल्या दारात टाकणारा मुलगा आपण उठण्याआधी येऊन गेलेला असतो. एकदा लवकर उठून त्याच्या अंगात काय आहे ते पाहावे. आपल्या कपाटात मुलाचे आखूड झालेले जाकीट, एखादा जुना पण धड स्वेटर, हातमोज्यांचा जोड पडलेला असतो. तो त्याला हाक मारून द्यावा. त्याची सायकल व्यायामाची नाही, म्हणून त्याला लागणारा वारा काही कमी होत नाही.

पुढील आठवड्यात हिवाळ्यातील आहार, आणि डिंकाचे लाडू कोणी खावेत व कोणी खाऊ नयेत, याविषयी.